दोन बोटं माया

प्रिय शेवंतामावशी,

काल मी तुमच्याकडे आले होते. पंधरा महिन्यांनी. धायरीचा तुमचा रस्ता आता ओळखू येत नाही, ज्वारीच्या रानात चारमजली इमारती उभ्या राहिल्यात, पण तुमचं दार तेच होतं. ते तुमच्या सुनेनं उघडलं. मी विचारलं, "मावशी आहेत का?" संगीतानं मला आत बसवलं आणि आधी पाणी आणून दिलं. ग्लास हातात घेतानाच मला कळलं.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले म्हणे. आणि मला पत्ताच नाही! पण असणार कसा? मीच तुमच्याकडे फिरकले नव्हते. जे बोलायला आले होते ते तसंच घरी परत आणलं. आज रविवार आहे, घरातले सगळे बाहेर गेलेत, म्हणून लिहायला बसले.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे का आले, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. त्याच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या शिंप्याकडे गेले होते. मास्तरांनी टेप लावली आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "छाती शेहेचाळीस, कंबर बेचाळीस, दंड सोळा!" दुकानात पाच-सहा बायका होत्या. एकीनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग सौजन्य म्हणून छताकडे पाहिलं. मी कापड उचललं आणि बाहेर पडले.

तेव्हा माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, अशी आवई उठली होती. अमेरिकेतल्या एका बँकेचे तरी पडू नयेत म्हणून आमची कंपनी आम्हाला दिवसाचे बारा तास खुर्चीत बसवून ठेवायची. जागेवरच वडे यायचे, पिझ्झा यायचा. दोन हजार साल उजाडलं, कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. माझे गुडघे मात्र पडायला आले. डॉक्टर म्हणाले, तिशीत ही अवस्था असेल तर चाळिशीत जिना विसरा.

आमच्या कामवाल्या बाईंनी तुमचं नाव सांगितलं होतं. तुम्ही टेप लावलीत आणि मी सवयीनं पोट आत ओढलं. तुम्ही थांबलात. टेप तशीच धरून म्हणालात, "श्वास सोड, ताई. दम धरून माप देशील, तर दम धरूनच घालावं लागंल." मग वहीत आकडा लिहिलात आणि वही मिटलीत. मोठ्यानं एक अक्षर नाही. मला रडू आलं होतं, मावशी. तुम्हाला वाटलं टाचणी टोचली.

त्याच सुमारास मी चालायला लागले होते. रोज सकाळी धारेश्वराच्या देवळापर्यंत आणि परत. साखर बंद, रात्रीचा भात बंद, आणि लोकांची तोंडं सुरू. आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका गॅलरीतून रोज बघायचे. महिन्याभरानं म्हणाले, "रस्ता झिजला हो. तुम्ही कधी झिजणार?" कंपनीत माझ्या डब्यात काकडी दिसली की ती किती दिवस टिकणार यावर पैज लागायची. वीस किलो उतरल्यावर तीच माणसं गंभीर झाली. शुगर निघाली का? घरी सगळं ठीक आहे ना? मामेसासूबाईंनी तर माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "काय हे, गालांची पार रया गेली. आधी कशी भरल्या घरची वाटायचीस." आधी कधी म्हणाल्या नव्हत्या.

आणि तुम्ही काय म्हणायचात? काहीच नाही. दर दोन महिन्यांनी मी तेच चार ब्लाउज आणि दोन कुडते घेऊन यायची. तुम्ही बगलेखालची शिवण उसवायचात, आत घ्यायचात, दातांनी दोरा तोडायचात. मी विचारायची, "किती?" तुम्ही बोटं दाखवायचात. दीड बोट. एक बोट. ताईची अलका कधी झाले, ते मला आठवतही नाही.

एकदा दीड महिना वजनाचा काटा हललाच नाही. मी सगळं सोडून द्यायच्या बेतात होते, गावातून येताना जिलबीचं पुडकंसुद्धा घेतलं होतं. वाटेत तुमच्याकडे थांबून ब्लाउज घालून पाहिला. तुम्ही बाजूला टाचणी लावलीत आणि अर्धं बोट दाखवलंत. ती जिलबी तुमच्या नातवंडांनी खाल्ली. चौतीस किलो मी असे बोटांवर मोजून उतरवले.

मग आमच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. चौसष्ट किलोंवरचा माझा पहिला नवा ब्लाउज, मोतिया रंगाचा. तुमच्याकडेच मी तो उलटा करून पाहिला, तर आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला ठाऊक होतं. ती कशाला असते हेही मला ठाऊक आहे, असं वाटत होतं. उद्या अंग सुटलं की उसवून सैल करायला.

"ही कापून टाका," मी म्हटलं.

"माया कापत न्हाईत."

"मला नको आहे. मी आता वाढणार नाही."

"आगं, त्यापायी नसती ती, ती..."

"म्हणजे तुम्हालाही वाटतं, मी परत फुगणार. सगळ्यांसारख्याच निघालात तुम्ही."

काय बोलून गेले मी! कुणाला? तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत, ब्लाउजची घडी घातलीत आणि पिशवीत ठेवलात. "तुझा हाय. तुला वाटंल ते कर," एवढंच म्हणालात. मी घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीनं ती माया अगदी शिवणीला लागून कापली.

लग्नात अक्षता टाकायला हात वर केला आणि बगलेखालची शिवण टरकन गेली. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "परत अंगावर आलं वाटतं." मावशी, माझं वजन एक ग्रॅमनंही वाढलं नव्हतं. उरलेलं लग्न मी पदर घट्ट लपेटून काढलं आणि मनातल्या मनात तुमच्या शिलाईला नावं ठेवली.

चालणं तिथून सुटलं. इतक्या लोकांचं इतकं ऐकून सुटलं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं कसं सुटलं? खरं सांगते, त्या वाक्यानं सुटलं नाही. तुमचा माझ्यावर भरवसा नाही, असं मी डोक्यात घेतलं होतं, त्यानं सुटलं. सकाळी गजर वाजायचा आणि मी तो बंद करून पडून राहायची. ब्लाउज घेऊन कुणाकडे जाणार होते?

वजन परत चढायला लागलं. चढायला लागल्यावर तर तुमच्याकडे येणं शक्यच नव्हतं. तुम्हाला वाटलं होतं तसंच झालं, हे तुमच्यापुढे येऊन कबूल करायचं? कंपनीची बस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. मी एक थांबा पुढे उतरून मागे चालत यायला लागले. दिवसाकाठी तेवढंच चालणं उरलं होतं.

गौरी-गणपतीच्या आधी एकदा तुम्ही मंडईत दिसलात. हातात केवडा होता, कोथिंबिरीच्या भावावरून घासाघीस चालली होती. तोवर सात-आठ किलो माझ्या अंगावर परत आले होते. मी भोपळ्यांच्या राशीमागे लपले. लपायला जागा तरी काय निवडली होती मी! तुम्ही वळून निघून गेलात, मग बाहेर आले. तुम्हाला शेवटचं पाहिलं ते तसं, पाठमोरं.

डिसेंबरपर्यंत चौतिसांतले तेरा किलो परत आले.

काल येताना मी तो फाटका ब्लाउज आणला होता. संगीतानं तो उलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "माया कुणी कापली ही?"

"मी."

"आवो ताई, माया नसंल तर शिवण धरंल कशाला? माया काय नुसती उसवायला असती व्हय? टाका कडंला आला की कापड सुटतंच."

म्हणजे तुम्ही हेच सांगत होतात ना? मी तुम्हाला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.

मग मी भीत भीत विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणायच्या का. संगीता म्हणाली, "मंडईत दिसला होता म्हणं तुम्ही त्यास्नी. भोपळ्यांपाशी." माझे कान तापले. म्हटलं, काय म्हणाल्या?

"काय न्हाई. घरी आल्या आन् म्हणल्या, अलका दिसली. बरी हाय."

पंधरा महिने मी ज्या शब्दांना घाबरत होते ते एवढेच होते. अलका दिसली, बरी हाय. मग हाक का नाही मारलीत, मावशी? मी ओशाळले असते, पण आले असते. एवढा एक राग मला तुमचा आहे. तुमची इतकी आठवण येते आहे की राग धरायलाही काहीतरी लागतं.

संक्रांतीनंतर मी पुन्हा चालायला लागले. खालच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पुनःप्रक्षेपण का?" मी म्हटलं, "हो. रोज सहा वाजता." मनाशी ठरवलं होतं, पाच किलो उतरले की तुमच्याकडे यायचं, त्याआधी तोंड दाखवायचं नाही. शुक्रवारी पाच पूर्ण झाले. काल मी आले.

रात्रभर मागचे आठवडे मोजत होते. तुम्ही गेलात तेव्हा माझे तीन उतरले होते. राहिलेल्या दोन किलोंसाठी मी तुम्हाला भेटले नाही.

अजून आठ उतरवायचे आहेत. चालते आहे, चालत राहीन, लोकांना बोलायचं ते बोलू दे. पण त्याचं वचन तुम्हाला देत नाही, तुम्ही ते कधी मागितलं नव्हतंत. देते ते एवढंच: ज्याला भेटावंसं वाटेल त्याच्याकडे मी असेन तशी, असेन तेवढी जाईन. आधी वजनकाट्यावर उभी राहणार नाही.

तुमची,
अलका