चोपणातल्या माश्यांची तजवीज

मी, सुलक्षणा हौसराव येवले, वय एकाहत्तर, दौंडच्या कॉलेजातून निवृत्त झालेली प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, राहणार मांडवगण फराटा, तालुका शिरूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, कारण माझा धाकटा भाऊ पोपटराव याला आयुष्यभर तशी शंका आहे.

१. राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं. ते पोपटरावास मिळावं. अटी खाली आहेत. त्या वाचायच्या आधी त्याने किल्ल्या मागू नयेत.

२. वाटणीत त्याने मला पंधरा गुंठे चोपण, म्हणजे खारवलेली नापीक जमीन दिली. उसाला मोकाट पाणी सोडून त्यानेच ती जमीन मिठाने फुलवली, आणि मग उदार होऊन बहिणीच्या नावावर केली. "आक्के, तुला कुठं पिकवायचंय?" म्हणाला. सही करताना हसत होता, निर्लज्ज.

तिथल्या खारट डबक्यात मला माश्यांच्या अळ्या सापडल्या. गोड्या पाण्यातली अळी जिथे मरेल तिथे या अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकत खुशाल वळवळत होत्या. समुद्रात राहणाऱ्या माश्याही अशाच टप्प्याटप्प्याने गेल्या असाव्यात. आधी खारट काठ, मग भरती-ओहोटीचे खडक, मग समुद्र. वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या काळी हे साधलं. काहींच्या माद्यांचे तर पंखही गेले. हे पोपटरावाला सांगितलं तर म्हणाला, "माशी गुळावर बसती आक्के, समुद्रात काय जीव द्यायला जाईल व्हय?" पारावरचे सगळे फिदीफिदी हसले. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

अरे मूर्खा, उसाच्या हावेपायी तू मांडवगणात समुद्र आणलास, आणि तुलाच तो दिसला नाही.

३. चोपण भावजय सोजराबाईस द्यावं. घरात वाकून बघणारी ती एकटी. "वन्सं, येवढ्या खाऱ्यात जगत्यात म्हंजी लई चिवट हायेत की," म्हणाली. बघून बोलली, एवढं मला पुरे. कोणीही डबकं बुजवलं, निचऱ्याचा पाइप टाकला किंवा प्लॉट पाडले, तर घरही सोजराबाईचं. मग पोपटरावाने तिला विचारून राहावं.

४. सूक्ष्मदर्शकही तिलाच. पुतण्या स्वराजने मी जिवंत असतानाच तो ऑनलाइन विकायला फोटो काढले. त्याला ते फोटो द्यावेत.

५. माझ्या अस्थी भीमेत सोडाव्यात. डबक्यात टाकू नयेत, पाणी बिघडेल.

६. हे मृत्युपत्र डबक्याच्या काठावर वाचावं. पोपटरावाने तिथे उकिडवं बसून अळ्या बघाव्यात. दिसल्या असं तो सोजराबाईसमोर म्हणेल तेव्हाच घर त्याचं. पोपट, तुझ्या उसापासून माझं डबकं एका बांधावर आहे. माश्या समुद्रात जाऊन पोचल्या आणि तुला तो बांध ओलांडता आला नाही. मी वाट बघत होते रे.

साक्षीदार: झुंबरबाई गवळी, केडगाव (सही). माया शेलार, कवठे येमाई (सही). दोघींनीही डबकं पाहिलं आहे.

लिहून देणार: सुलक्षणा हौसराव येवले (सही)
शिरूर, १४ फेब्रुवारी २०२५