नुसतं डबकं

दि. ९ नोव्हेंबर

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद. सूनबाईचा खोकला थांबला का? मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण विद्यापीठाचे जिने चढते. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात आणि परीक्षा आली की माझ्याच वह्या मागतात. पहिल्या चाचणीत पास झाले. "या वयात बेडूक मोजणार का?" म्हणून तू हसला होतास ना? मोजले.

विद्यापीठामागच्या तळ्यावर आमचं प्रात्यक्षिक असतं. काठावर लाकडी चौकट टाकायची आणि आत काय काय जगतं ते बघायचं. सुरुवातीला मला सगळं नुसतं गवत दिसायचं. मग त्यातलं लव्हाळं वेगळं ओळखू आलं, पाण्यात चतुराचं पिल्लू दिसलं. ते डासांच्या अळ्या मटकावतं आणि बेडूक त्याला. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, कोण कोणाला खातं एवढं नीट बघा, निम्मा विषय आला.

गेल्या आठवड्यात चौकटी घेऊन गेलो, तर अर्धं तळं मुरुमाखाली! मी तरातरा जाऊन डंपरसमोर उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरला.

"आई, तुम्ही? साहेबांना फोन लावू का?"

सगळा वर्ग बघत होता. बाईंनी विचारलं, "साहेब कोण?"

"माझा मुलगा."

आणि तू फोनवर काय म्हणालास? "तिथं काही नाहीये गं. नुसतं डबकं आहे. तू घरी जा." काही नाहीये! अरे, कधी वाकून बघितलंस? तळं बुजवायची परवानगी आहे म्हणालास. कागद दाखव म्हटलं तर फोन आपटलास. तेव्हापासून उचलत नाहीस. तळपायाची आग मस्तकात गेलीय, ती अजून उतरलेली नाही.

वर मावशीला मध्ये घातलंस. "पोटच्या पोराविरुद्ध जाऊ नकोस," म्हणे. तिला काय सांगून पाठवलंस, ते तुझं तुला माहीत.

इतका वेळ टाळत होते, ते आता लिहिते. तळ्यासाठी आमच्या वर्गानं तुझ्याविरुद्ध तक्रार केलीय, तिच्यावर पहिली सही माझी आहे. मुलं तुझ्या नावाला घाबरून कचरत होती, म्हणून मी आडनावासकट ठसठशीत सही केली. काम थांबलंय ते त्यामुळेच. सोमवारी सुनावणी आहे. कागद मागितला आणि तू दाखवला नाहीस, हे मी तुझ्या तोंडावर सांगणार आहे. वकिलाकडून कळण्याआधी आईकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

दर पत्राखाली 'यशस्वी हो' लिहिते. या खेपेला लिहीत नाही.

तब्येतीला जप.

तुझी आई