बाबांच्या चार ओळी

घाटकोपर, शनिवार, ३१ मे १९८६

उद्या लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा. दुपारी मुलुंडला जाऊन केंद्र बघून आलो. तिथल्या शिपायाने सगळं नीट सांगितलं. अर्धा तास आधी यायचं, हॉल तिकीट विसरायचं नाही आणि उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव, खूण, विनंती असलं काही लिहिलं तर पेपर बाद. बरं झालं विचारलं. आमच्या रात्रशाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आलो तर बाबा वाटच बघत होते.

"पेपर तपासणारे वकीलच ना रे?"

"असतील, बाबा."

"मग निबंधात माझ्या चार ओळी घाल. संपानंतर गिरणीने मला परत घेतलं नाही. का, ते तरी सांगा म्हणावं. वकील माणूस वाचून गप्प बसायचा नाही."

आई आतून म्हणाली, "गिरणी सुटली, पण यांचा भोंगा चालूच!"

बाबा हसले नाहीत. मी म्हणालो, "लिहितो."

का म्हणालो? पेपर बाद होईल हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण संपापासून बाबांनी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. आणि मागून काय मागितलं, तर चार ओळी. उद्या घरी आल्यावर पहिलं तेच विचारतील. तेव्हा काय सांगू?

आता ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे आहेत. शेजारच्या काकांना सांगतायत, "आमचं प्रकरण उद्या वकिलांसमोर जातंय."