थंड चुलीची शपथ

प्रिय मारेन,

तू माझा फोन घेत नाहीस हे बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही घेतला नसता. तुझा बाप मला समजावत होता की शाळा सुरू झाली की पोरगी विसरेल, बारा वर्षांची तर आहे. त्याला काय डोंबल कळतंय. बाराव्या वर्षी चारचौघांत झालेला अपमान मला सत्तरी ओलांडल्यावरही वार-तारखेसकट आठवतो. तेव्हा तू दोन महिन्यांत विसरशील अशी आशा मी धरलेली नाही. पत्र अशासाठी लिहिते आहे की ते फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं, आणि तू वाचणारी मुलगी आहेस, उघडलेला कागद वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही.

जुलैतल्या त्या दिवसाचं आधी बोलते, कारण तेच सगळ्यांत जड जातंय. फॉस घराण्याचं संमेलन भरलं की विहिरीची पहिली बादली सगळ्यांत थोरल्या माणसानं ओढायची आणि सगळ्यांत लहान वाचत्या मुलानं गुंडर फॉसनं ती विहीर कशी खणली त्याची गोष्ट सांगायची, हे तुझा बाप लहान होता तेव्हापासून चालत आलंय. या वर्षी थोरली मी आणि वाचती तू. बाकीच्या पोरांनी माझ्याकडून ऐकलेलीच गोष्ट घोकून म्हटली असती. तू मात्र जानेवारीतच सरकारी दप्तरखान्याला पत्र टाकलंस आणि तुझ्या आजोबांच्या आजोबांच्या जमिनीचा सगळा जुना कागद मागवलास. बेचाळीस पानं आली. तू रोज संध्याकाळी फोन करून, वळण सांगून मला एकेक अक्षर विचारायचीस, हा 'एस' आहे की 'एल', आणि मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. मग एप्रिलमध्ये एकदा तू विचारलंस, "आजी, विहीर नक्की त्यांनीच खणली ना?" मी म्हटलं, विहिरीजवळच्या दगडावर कोरलंय ना तसं. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात मी एकटी होते, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि तरी सांगितलं नाही.

तू गवताच्या गाडीवर चढलीस, माईक हातात घेतलास आणि वाचलंस. १९०८ च्या मे महिन्यात गुंडर फॉसनं जमिनीच्या कचेरीत तक्रार दिली की ही एकशे साठ एकर जागा जिच्या नावावर आहे ती ओलिना मोएन सहा महिन्यांहून जास्त काळ जागा सोडून गेली आहे, सबब तिचा हक्क रद्द करून जमीन आपल्याला मिळावी. मग तू त्याची शपथ वाचलीस. बारा बाय चौदा फुटांचं मातीचं घर, दाराला कुलूप, चूल थंड, आणि बेचाळीस फूट खोल विहीर, पाणी चांगलं. तू कागद खाली केलास आणि किती साधेपणानं म्हणालीस, "म्हणजे विहीर आधीच होती. ती ओलिना मोएननं खणली होती."

समोर ऐंशी माणसं बसली होती. मग रॉजर काका म्हणाला, "काय वकीलबाई, आता आजोबांना थडग्यातून काढून उभं करायचं का कोर्टात?" लोक हसले. आणि हसून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बादलीचा दोर माझ्या हातात होता आणि इतकी वर्षं ती गोष्ट मीच सगळ्यांना शिकवली होती. मी म्हणाले, "जुनं अक्षर आहे ते, बाळा. तू वाचायला चुकलीस." वर तुझ्या डोक्यावरून हातही फिरवला. तू रागावली नाहीस, मारेन. तू पुन्हा कागदाकडे बघितलंस. उन्हात उभी राहून तू खरोखर तुझी चूक शोधत होतीस, आणि ती सापडेना म्हणून तुझे कान लाल झाले होते. मग तू उतरून बापाच्या मोटारीत जाऊन बसलीस, आणि मी काय केलं असेल? रुबार्बचा केक कापून वाटला. सगळ्यांना पुरला की नाही ते पाहिलं.

तू बरोबर वाचलं होतंस. शब्दन् शब्द. मला हे पन्नास वर्षांपासून माहीत आहे, आणि कागदात नाही तेही माहीत आहे.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा माझी सासू सेल्मा हयात होती. गुंडर तिचा सासरा, त्याचं शेवटचं आजारपण तिनं काढलं होतं. एकदा आम्ही दोघी लेफ्साच्या, बटाट्याच्या पोळ्या लाटत बसलो होतो, आणि तिनं वर न बघता सांगायला सुरुवात केली. गुंडर इथं उशिरा आला होता. चांगली जमीन आधीच वाटून संपलेली, म्हणून तो मैलभर पलीकडे भावाच्या घरी अंग चोरून राहायचा, आणि वहिनी घासागणिक टोमणे मारायची. ओलिना एकटी बाई, तिची जागा लागूनच. तिनं स्वतः आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून विहीर खणली होती. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मिनेसोटात तिच्या बहिणीला क्षयानं गाठलं, घरात तीन लहान पोरं. ओलिनाला जावं लागलं. सरकारी जमीन तिथं राहणाऱ्यालाच मिळायची, तेव्हा अशा वेळी इथं काय करायचे ते तुला ठाऊक नसेल. ज्याच्यावर विश्वास त्या शेजाऱ्याच्या हातात किल्ली द्यायची. त्यानं दोन-चार दिवसांनी जाऊन चूल पेटवायची, म्हणजे धुराड्यातून धूर दिसतो आणि येणाराजाणारा समजतो की घर नांदतं आहे. सगळेच एकमेकांसाठी करायचे. ओलिनानं किल्ली दिली गुंडरकडे.

त्यानं नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत चूल पेटवली. मग बंद केलं आणि दिवस मोजत बसला. सहा महिने भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी घोडा जोडून कचेरीत गेला आणि बायबलवर हात ठेवून सांगितलं की चूल थंड आहे. खोटं नव्हतंच ते. तक्रारीची नोटीस कायद्याप्रमाणे इथल्या साप्ताहिकात छापून आली. मिनेसोटात बहिणीच्या उशाशी बसलेल्या बाईला ती कुठून दिसणार? बहिणीला पुरून, पोरांना चुलत्याच्या हवाली करून ती परत आली तेव्हा दार उघडायला गुंडर आला.

सेल्मा म्हणाली, शेवटच्या दोन महिन्यांत म्हातारा रोज सकाळी नॉर्वेजियनमध्ये तिला एकच विचारायचा, "ओलिनाकडची चूल पेटवलीस का?" ती म्हणायची, पेटवली हो, पेटवली. मग तो जेवायचा. मी सेल्माला विचारलं, हे लॉईडला, म्हणजे तुझ्या आजोबांना, ठाऊक आहे का? ती म्हणाली, "नवऱ्याला झोप लागू दे बाई, तुलाही लागेल." आणि लागली, खोटं कशाला सांगू. सांगू नये म्हटलं की पुढचं सोपं जातं. गुंडरची गोष्ट तेव्हा दोन ओळींची होती. तिला तिखटमीठ मीच लावलं. दोर तुटून तो विहिरीत दिवसभर अडकतो आणि ओल्या मातीला तोंड लावून पाणी लागल्याचं ओळखतो, तो प्रसंग माझा आहे. तुझ्या बापाला झोपवताना सुचला होता. पुढे तुझ्या आजोबांनी दगड कोरून घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

अजून एक आहे. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं, पाद्रीबाबांनाही नाही. १९८८ च्या दुष्काळात, तालुक्यातल्या निम्म्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या तेव्हा, एक बाई अंगणात आली. व्हिव्हियन नाव, माझ्याच वयाची, मिनेसोटाच्या नंबराची गाडी. तिची आजी ओलिनाच्या बहिणीच्या त्या तीन पोरांपैकी एक. तिच्याकडे फोटो होता: कंबरेपर्यंत चिखलात माखलेली एक बाई, हातात फावडं, मागे आपली टेकडी. टेकडी काही लपत नाही, मारेन. तिनं विचारलं, ही जागा तुम्हाला ओळखीची वाटते का? तिला जमीन नको होती, काहीच नको होतं. मरेपर्यंत ओलिना दुसऱ्यांच्या घरी कपडे धुऊन राहिली आणि विहिरीबद्दल बोलायची, म्हणून एकदा बघायचं होतं एवढंच. मी तिला कॉफी दिली, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, इकडे मोएन नावाचं कुणी नव्हतं, टेकड्या काय सगळ्या सारख्याच दिसतात. ती म्हणाली, "हो, तेही खरंच," आणि जाताना पाणी मागितलं. मी नळाचा ग्लास भरून दिला. ते त्याच विहिरीचं पाणी होतं. ती दोन ग्लास प्यायली, किती गोड आहे म्हणाली आणि माझे आभार मानून गेली. मी दारात उभी राहून हात हलवला.

तुला वाटेल, आजी घाबरली असेल. घाबरले नव्हते. जमीन कोण काढून घेणार होतं इतक्या वर्षांनी? मला फक्त वाईट माणसांच्या घरातली बाई व्हायचं नव्हतं. माझा बाप दुसऱ्यांच्या शेतांवर राबला, आम्हाला सांगण्यासारखं पूर्वज म्हणून कुणी नव्हतं. मला लग्नात एक पूर्वज मिळाला आणि तो मला सोडवेना. म्हणून गुंडरचं पाप मी जपलं आणि ते तुझ्या माथी मारलं. त्यानं निदान शेजारणीला फसवलं, मी माझ्या नातीला. मला लाज वाटते. गावात कुणाशी बोलताना वाटत नाही, भांडी घासताना वाटते, आणि मग हातातलं काम तसंच राहतं.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. काल तुझी आई येऊन गेली. तुझा शाळेचा गुंडरवरचा निबंध चांगला झालाय, म्हणून कौतुकानं मला दाखवायला आणला होता. पहिली तीन पानं वाचताना मला तुझा अभिमान वाटला. मग शेवटची ओळ आली. तू लिहिलंयस: "कागदपत्रांत मला वेगळं दिसलं होतं, पण जुनं अक्षर वाचताना माझी चूक झाली आणि माझ्या आजीनं ती दुरुस्त केली." तुझ्या आईला ती ओळ नम्र वाटली. मी ती तीनदा वाचली. तू रुसली आहेस असं मी धरून चालले होते, आणि तू तर माझं ऐकलंस. तू सोमवारी ते पान शाळेत देणार आहेस. देऊ नकोस. ती ओळ खोड आणि तिथं लिही की माझी आजी आर्लीन फॉस ऐंशी माणसांसमोर खोटं बोलली, पूर्ण नावानिशी लिही. कुणी पुरावा मागितला तर हे पत्र दे, म्हणून प्रत्येक पानाखाली सही केली आहे. हीच कबुली वेगळ्या कागदावर लिहून तिची झेरॉक्स मी आज सकाळी रॉजरला आणि संमेलनाच्या यादीतल्या प्रत्येक घरी टाकली. तुझं सगळ्यांत शेवटी लिहिलं, कारण बाकीच्यांची मला भीती वाटत नव्हती. तू चुकली नव्हतीस, मारेन. तुला नीट वाचता येतं.

तू म्हणू देशील तेव्हा पुन्हा तुझीच,
आर्लीन आजी