रक्तात न सापडलेली गाठ

प्रिय लोर्ना,

बाबाचं अक्षर बघून दचकू नकोस. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि तूही विषय बदलतेस. सकाळपासून बिनकामाचा अंगणात फेऱ्या मारतोय. तुझी आई म्हणते, बस, नाहीतर दोरीनं बांधते.

बरगडीखाली ठसठसायचं, म्हणून तिनंच मला कूमा गावातल्या दवाखान्यात नेलं. हॅलोरन नावाच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी मेंढ्यांचं विचारलं, मग कुत्र्यांचं. कुत्र्याच्या पोटातल्या कृमीची अंडी माणसात गेली की यकृतात पाण्याची गाठ धरते, हे मी लोकर कातरत फार्मोफार्म हिंडायचो तेव्हापासून ऐकून आहे. रक्त तपासायला सिडनीला गेलं. शेजारच्या क्लॅरीनं पबभर डांगोरा पिटला. म्हणाला, "म्हाताऱ्या, आता कुत्र्यांच्या रांगेत बस, तुलाही जंताची गोळी चारतो."

रक्तात काहीच निघालं नाही. रिपोर्ट घेऊन निघालो, तर पातळ भिंतीपलीकडून बाई नर्सला सांगत होत्या, "रक्तात नाही म्हणजे पोटात नाही, असं नसतं. कवच शाबूत असलं तर रक्ताला गाठीचा पत्ताच लागत नाही." माझे तिखट कान तुला ठाऊक आहेत. तरी ऐकलंच नाही असं ठरवलं आणि क्लॅरीला बिअर पाजली. दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावून सोनोग्राफी केली. संत्र्याएवढी गाठ. पुढच्या गुरुवारी सिडनीत ऑपरेशन.

मी बाईंशी भांडलो. आमच्या कुत्र्यांना दर महिन्याला गोळी असते, मेंढी कापली की आतडी-काळीज पुरतो, त्यातल्या गाठी कुत्र्यांच्या पोटात जाऊन कृमी होऊ नयेत म्हणून. त्या म्हणाल्या, "घरातल्या कुत्रीलाही देता?" नव्हतो देत. टेस थकली, कळपामागे धावेना, म्हणून आपण तिला घरात घेतलं. कामाची उरली नाही, तशी गोळ्यांतूनही सुटली. आणि ती बया क्लॅरीकडे मेंढी कापली की तिकडे जाऊन कच्चं काळीज खाऊन यायची.

तुझ्या शाळेची शेवटची वर्षं टेस तुझ्या पांघरुणात झोपली, तुझं तोंड चाटत उठली. तू म्हणशील, मला काही दुखत नाही. मलाही कित्येक वर्षं दुखलं नव्हतं. उद्याच रक्त दे. आणि त्यात काही नाही निघालं तरी हसत घरी येऊ नकोस; पोटाची सोनोग्राफी करून घे, छातीचा फोटोही काढ. तुझं कळल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही, असं सर्जनला सांगितलंय. तो म्हणाला, गाठ फुटली तर जिवावर बेतेल, तारीख ढकलू नका. मी म्हटलं, मग माझ्या मुलीला घाई करायला सांगा. तो म्हणाला, ते तुम्हीच सांगा.

सांगतोय.

तुझाच, फोनपाशी बसलेला,
बाबा