आम्ही दोघे जाणकार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून तो कागदावरच घे.) तुझे गुडघे कुरकुरत नसतील, आणि कुरकुरत असले तरी तू त्यांचं ऐकत नसशील, असं धरून चालतो.

इकडे माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे. तुला ठाऊकच आहे, नात फक्त तिच्या आईची भाषा बोलते. फोनवर मी दिसलो की सोफ्यामागे दडते. पुढच्या महिन्यात ती इथे येणार, तेव्हा आम्ही काय नुसते हातवारे करत बसायचं? म्हणून मोबाइलवर भाषा शिकायचं अ‍ॅप घेतलं. त्यानं आल्या आल्या विचारलं, भाषा कितपत येते? आयुष्यभर लोकांचे कोट शिवलेल्या माणसानं या वयात ‘काहीच येत नाही’ म्हणणं बरं दिसेना, म्हणून ‘उत्तम’वर बोट ठेवलं. अ‍ॅपनं सरावासाठी एक बाई जोडून दिल्या. त्याही ‘उत्तम’.

या बाई दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावतात. रोज संध्याकाळी आम्ही फोनवर त्या भाषेत बोलायचो. त्या बोलतील ते मी पाठ करायचो (तिकडे त्या माझं पाठ करत होत्या, हे मला काय माहीत). गेल्या आठवड्यात बोलता बोलता त्यांचं दूध उतू गेलं आणि बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “अगं बाई, गेलं सगळं.” मी म्हटलं, “आधी गॅस बंद करा.” मग दोघांनीही खरं काय ते कबूल केलं. त्यांनाही ‘काहीच येत नाही’ म्हणायची लाज वाटली होती. म्हणजे इतके दिवस कोण कुणाला काय शिकवत होतं, ते मला अजून उलगडलेलं नाही. आता आमच्या त्या भाषेत आम्हाला एकमेकांचं सगळं समजतं, सूनबाईला मात्र एक अक्षर नाही. तिनं माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना?

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की सूनबाईनं मला रीतसर क्लास लावायला सांगितलं आहे. मुलाचा फोन आलाच, तर मी क्लासला जातो असं ठोकून दे. मी जात नाही. बाईंशी बोलणं सोडवत नाही.

आणखी एक : काल फोनवर नात सोफ्यामागून बाहेर आली आणि मी तिच्यासमोर रोज घोकतो ते वाक्य जसंच्या तसं म्हणाली. सूनबाई लगेच ते सुधारायला गेली. नात म्हणाली, हे आजोबांचं आहे, असंच राहू दे. ताई, ती हे तिच्या भाषेत म्हणाली, आणि मला समजलं.