गळा दोन बोटं वर

६ जानेवारी, मंगळवार

रुद्राणीच्या कपाटात नागडी बाई सापडली. अगदी नागडी नाही. कापड आहे, पण असून नसल्यासारखं.

मी कपाट उघडलं ते डांबराच्या गोळ्या ठेवायला. आत इंग्रजी चित्रकथांचे अंक, वीसेक तरी, उडणाऱ्या आणि मारामारी करणाऱ्या बायांचे. नात एकवीस वर्षांची, इथंच अंबाजोगाईत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. शहाणी पोर. म्हणून जास्त घाबरलो.

चाळीस वर्षं लेडीज टेलर होतो. शेकड्यांनी मापं घेतली, मान वर करून कधी बघितलं नाही. पण हे बघून अंक पालथा ठेवला. मग पुन्हा सरळ केला – बघितल्याशिवाय काळजी तरी कशाची करायची?

हूक नाही, चेन नाही, फिटिंगचे टक्स नाहीत. ही बाई या कपड्यात शिरली कशी? मारामारीत मुंढ्यात, बाहीच्या जोडावर, उसवत कसं नाही? नुसतं रंगवल्यासारखं अंगावर.

बीपी १६०. गोळी घेतली.

७ जानेवारी

तिला सरळ विचारलं. लपवून काय होणार.

"अप्पा, तुमी माझं कपाट कावून उघडलं?"

"झुरळं झाली होती."

"एक तरी दाखवा."

दाखवता आलं नाही. पण रागावली नाही ती. चार अंक घेऊन माझ्याजवळ पलंगावर बसली. म्हणाली, "तुमी वाचू नका. नुसते कपडे बघा, टेलरसारखे."

११ जानेवारी, रविवार

इंग्रजी येत नाही. मी सातवीपर्यंतच. पण चार दिवस दुपारी चष्मा लावून सगळे अंक बघून काढले. सूनबाई आणि मुलगा संगमेश्वर खाली दुकानात असतात (माझं टेलरिंग होतं तिथं आता रेडीमेड आहे), त्यामुळे कुणी विचारत नाही.

लक्षात आलं ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

एक बाई आहे, गळ्यात क्रूस. प्रार्थना करते तेव्हा हनुवटीपर्यंत काळं कापड. पुढच्याच पानावर मारामारी, तिथं ते कापड फाटलेलं, आणि क्रूस असा लोंबतो की जणू तो देव नसून दागिना आहे. दुसरी आपल्याकडची म्हणून काढलेली – चार हात, जीभ बाहेर, चामड्याची चोळी. ही कुठली देवी? तिच्यासमोर दिवा लावावा असं काही वाटेना. तिसरी सगळ्या पुरुषांच्या गळ्यात पडते. ती शेवटी मरते किंवा तुरुंगात जाते. आणि सगळ्या अंकांत मनापासून हसणारी तेवढी तीच. देवाचं नाव घेणाऱ्या बाया हसत नाहीत, कुणाचा हातही धरत नाहीत.

रुद्राणीला हे सांगितलं.

"अप्पा, आमच्या म्याडमला हे सांगायला मला अर्धा तास लागला. तुमी न वाचता सांगितलं."

मला बरं वाटलं. मग वाटलं, बरं वाटायला नको होतं.

१२ जानेवारी

तिनं स्वतःचं काढलं आहे! चोवीस पानं, जाड कागदावर, काळ्या शाईत. एक तारखेला कॉलेजात प्रदर्शन, तिथं लावायचं. पुण्याहून छापणारे लोक येणार आहेत, पसंत पडलं तर पुस्तक करतील. तीन महिने रोज पहाटे उठून हेच करत होती. मी समजायचो परीक्षेचा अभ्यास.

बाईचं नाव बालाघाटी. दिवसा वाण्याच्या दुकानात तागडी धरते. घाटात उसाचा ट्रॅक्टर उलटला की हातानं उचलते, खालच्या माणसांना काढते. साडीचा कासोटा, दंड भरलेले, आणि गळ्यात आपलं लिंगायतांचं इष्टलिंग. चांदीची डबी, दोरा, कपाळाला विभूती. आपल्या घरातल्यासारखी.

"ताकद त्या डबीतनं येती का?" मी विचारलं.

"न्हाई. ताकद तिची हाय. डबीत तिचा देव हाय. दोन्ही येगळं."

मी पानं उलटत गेलो. अठराव्या पानावर थांबलो. ट्रॅक्टर उचलून ती घरी आली आहे, खाटेवर तिचा माणूस. पदर खाली आहे. ती त्याला बिलगली आहे, आणि हसते आहे. गळ्यात डबी तशीच.

पान पटकन उलटलं. पाणी प्यायलो.

१३ जानेवारी

भोगीची भाजी जास्त झाली. पोट जड. झोप नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी, तिच्या त्या म्याडमनी, तिला बोलावलं होतं. अठरावं पान त्यांना चालत नाही. म्हणाल्या, डबी तरी काढ नाहीतर पुरुष तरी काढ, दोन्ही एका पानावर नको, कुणाच्या भावना दुखावतील. नाहीतर सगळं पुस्तकच लावणार नाही. पंचवीस तारखेपर्यंत काय ते सांग.

संगमेश्वर म्हणाला, काढून टाक एक पान, तेवीस राहतात की. ती म्हणाली, "मंग त्यात बाईच राहत न्हाई, पप्पा. नुसता ट्रॅक्टर राहतो." ताटावरून उठली.

१७ जानेवारी

आश्रुबा आला होता. शेजारचा, एसटीत कंडक्टर होता. त्याचीही नात त्याच कॉलेजात, त्यामुळे त्याला सगळं कळतं.

"मल्लूशेट, तुमची नात चित्रात गडी-बाई एकाच खाटेवर बसवायली म्हणं."

"नवरा-बायको आहेत ते."

"लग्नाचं चित्र काढलं का मग आधी? न्हाई ना? आमी तीस वर्षं गाडीत बाईशेजारी शीट रिकामं असलं तरी उभं राहिलो की!" हसला. मग बारीक आवाजात म्हणाला, "देव हाय म्हणत्यात गळ्यात. सांभाळा. आजकाल लोक चित्र बघायला येत न्हाईत, मोर्चा घेऊन येतात."

पोरीचा फोटो मोबाईलवर फिरला तर? दुकानावर कुणी आलं तर? बीपी १७०. सूनबाईला १५० सांगितलं.

१८ जानेवारी

इथं लिहायला हरकत नाही. ही मापांची जुनी वही आहे, हिला कुणी हात लावत नाही.

आमचं लग्न १९७४ चं. नीलम्मा अठरा वर्षांची, मी बावीसचा. तिची दीक्षा लहानपणीच झालेली, डबी कधी अंगावेगळी नाही. आमच्यात तसंच आहे, लिंग अंगावरून उतरवायचं नाही – बाईनं नाही, पुरुषानं नाही, बाईच्या त्या चार दिवसांतही नाही. हे मला पाठ होतं. पण पहिल्याच रात्री मी म्हणालो, ते काढून कोनाड्यात ठेव. देवासमोर कसं? माझी स्वतःचीही काढून ठेवली.

तिनं ठेवली. चार महिने रोज असंच. सकाळी अंघोळ करून ती डबी घ्यायची तेव्हा कोनाड्यापुढं बराच वेळ उभी राहायची, पाठ माझ्याकडं. माफी मागत असेल. माझ्यामुळं.

मग एके दिवशी काढली नाही. मी कोनाड्याकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "आपण काय चोरी करायलोत का? त्याला सांगूनच आलेय मी."

दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्या चोळीला आतून, डाव्या बाजूला, बोटभर खिसा शिवला. डबी त्यात बसायची, वाकताना हेलकावे घ्यायची नाही. पुढं पन्नास वर्षं तिच्या प्रत्येक चोळीला तो खिसा मीच लावला. पण तोंडानं 'चुकलो' कधी म्हणालो नाही. त्या चार महिन्यांचं तिच्या मनात राहिलं का, हेही विचारलं नाही. ती जाऊन आता दीड वर्ष झालं.

अठरावं पान बघवत नाही ते यामुळं.

२० जानेवारी, मंगळवार

काम केलं एक. बरं झालं असं वाटतं.

रुद्राणी कॉलेजात. तिच्या टेबलावरचं काळं पेन घेतलं. देवही काढायचा नाही, पुरुषही काढायचा नाही – मग गळा वर घ्यायचा! गिऱ्हाईक बाया सांगायच्या तसंच, दोन बोटं वर. गळ्याची गोलाई अजून येते. अठराव्या पानावर माणसाच्या चित्रावर तळहात ठेवला आणि तेवढंच काम केलं. मग वाटलं, एकाच पानावर बंद गळा आणि बाकी उघडा, कुणी विचारेल. म्हणून आणखी आठ पानं केली. सगळीकडं सारखा गळा. आत नीट काळं भरलं.

नऊ चोळ्या दीड तासात. अजून हात आहे.

२१ जानेवारी

तिनं पानं बघितली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. नऊ पानं ओळीनं फरशीवर मांडली आणि मला बोलावलं.

"अप्पा, डबी कुठाय?"

मी बघितलं. एकाही पानावर डबी नव्हती. गळा वर घेतला तशी डबी कापडाखाली गेली, आणि वरून मी काळं भरलेलं. नऊ ठिकाणी मी देव बुजवला होता, आणि दीड तासात मला ते दिसलं नाही. मला फक्त गळा दिसत होता.

"म्याडम निदान विचारत होत्या, कोणतं काढू म्हणून," ती म्हणाली. "तुमी विचारलंबी न्हाई."

खोलीत गेली. कडी लावली.

नीलम्माला काढून ठेव म्हणालो होतो तेव्हाही मी विचारलं नव्हतं.

२२ जानेवारी

बोलत नाही. चहा ठेवते, निघून जाते. ती शाई खोडता येत नाही. मी ब्लेडनं खरवडून बघायला गेलो, तिनं हातातून ब्लेड काढून घेतलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

ट्रंक उघडली. नीलम्माची एक चोळी ठेवली होती, हिरव्या खणाची. काखेत विरली आहे. खिसा मात्र शाबूत, टीप जशीच्या तशी.

रुद्राणीपुढं ठेवली. आतून उलटी करून दाखवली. "आजीची डबी कामात हलायची. तर हा खिसा. तुझी ती ट्रॅक्टर उचलती, वाकती. डबी नुसती लोंबती ठेवली तर दगडावर आपटंल. वरून दोरा दिसू दे, आणि असा खिसा दे. गळा तुला पाहिजे तेवढा घे."

तिनं खिशात बोट घालून बघितलं. "हे तुमी शिवलं?"

"मग काय आश्रुबानं?"

हसू आलं तिला, पण दाबलं. पुढचं काही मी सांगितलं नाही. नातीला काय सांगणार?

"नऊ पानं, नऊ दिवस," म्हणाली. "तुमी रोज पहाटे चहा करायचा. आन् बीपी खरं सांगायचं."

२५ जानेवारी, रविवार

आज उत्तर द्यायचं होतं. बाईंना फोन तिनं माझ्यासमोर लावला. काहीही काढणार नाही म्हणाली. मग फोन माझ्या हातात दिला! मी म्हणालो, नमस्कार, शरणार्थ, मी मल्लिनाथ, तिचा आजोबा. लिंग अंगावरून काढायचं नाही असा आमचा धर्म आहे. नवऱ्याजवळ बाई जाते तेव्हाही नाही. कुणाच्या भावना दुखावल्या तर माझ्याकडं पाठवा, मी दुकानात बसेन.

बाई म्हणाल्या, "काका, हे आधी कुणी सांगितलंच न्हाई." लावू म्हणाल्या. आतल्या भिंतीवर, पण लावू.

फोन ठेवल्यावर बीपी १६५. खरं सांगितलं.

२८ जानेवारी

चहा. सहा पानं झाली. आश्रुबा विचारत होता, मोर्चा कधी. म्हणालो, तू आधी शीटवर बस.

३१ जानेवारी

नऊ झाली. अठरावं तिनं शेवटी काढलं. "बघता का?" म्हणाली. नको म्हणालो. डबी आहे ना, एवढंच विचारलं.

१ फेब्रुवारी, रविवार

मोर्चा नाही आला. आतल्या भिंतीपाशी सगळ्यात जास्त गर्दी, बहुतेक पोरी. पुण्याच्या लोकांनी पानांचे फोटो घेतले, कळवू म्हणाले. अठराव्या पानापुढं मी पहिल्यांदा तळहात न ठेवता उभा राहिलो. बालाघाटी हसते आहे, डबी खिशात, दोरा गळ्यात. तिचा माणूस बारीक, मान खाली घातलेली, आणि त्याच्या गळ्यात मोजायची टेप.

रुद्राणी शेजारी होती. "पहिल्या चित्रातबी होती टेप," म्हणाली. "तुमी तिथं हात ठेवला आसंल."

"तुला आमचं हे कुणी सांगितलं?"

"आजीनं. दवाखान्यात. कोनाडा, खिसा, सगळं. खिसा डोळ्यानं बघितला तो तुमी दाखवला तवाच. सांगताना लई हसायची." मग माझा हात धरून म्हणाली, "आन् म्हणाली, तुझ्या आजोबाला बोलू नको. लाजतंय ते."